दारूत बुडालेल्या पेंटरची फिल्म: शेवट बदलायचा का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. मला काय समजलं ते आधी मांडतो, चुकत असेन तर सांग. कोल्हापूरचा हाताने सिनेमाचे बॅनर रंगवणारा पेंटर, फ्लेक्स आल्यावर काम जातं, फ्लेक्सच्याच दुकानात डिझाइन बघायची नोकरी मिळत असते ती तो नाकारतो, पितो, बायको-मुलगी निघून जातात, शेवटी मरतो. तुझी पहिलीच फिल्म. पैसे ओळखीतल्या एका कारखानदाराचे, आणि तो म्हणतोय की शेवटी पेंटरने दारू सोडावी, एक मोठा बॅनर रंगवावा, लोकांनी टाळ्या वाजवाव्यात. तुझं म्हणणं, पेंटरने जन्मभर जी तडजोड केली नाही ती मी पहिल्याच फिल्मला करू का. त्यात तुझा मेन ॲक्टर म्हणतोय की खरी पिऊनच शूट करणार, खोटं जमणार नाही. तू सव्वीस वर्षांचा आहेस असं लिहिलंयस म्हणून अरेतुरे करतोय.

मी एडिटर आहे, तेवीस वर्षं झाली, बहुतेक कमी बजेटच्या मराठी फिल्म आणि काही डॉक्युमेंट्री. म्हणजे मी सांगतोय ते एडिट टेबलवरून दिसलेलं आहे, एखादा लेखक हेच वेगळं सांगेल.

माझ्या मते तुझी अडचण शेवटाची नाहीच. तू जो सीनवार गोषवारा दिलायस तो मी पेन घेऊन मोजला. पेंटर पिताना, पिऊन आलेला किंवा पिऊन भांडताना अकरा सीन आहेत. तो रंगवताना फक्त एक, तोही फ्लॅशबॅक, अर्ध्या मिनिटाचा, मागे गाणं. आता मला सांग, हा माणूस मोठा कलाकार आहे हे प्रेक्षकाला कळणार कशावरून? इतर पात्रं म्हणतात म्हणून? तो फार पितो म्हणून? तू नकळत दारूलाच त्याच्या सच्चेपणाचा पुरावा करून ठेवलंयस, म्हणून निर्माता ‘दारू सोडू दे’ म्हणाला की तुला वाटतं त्याचा सच्चेपणाच गेला. या दोन गोष्टी एकमेकींपासून सुटल्याशिवाय शेवटाचा वाद सुटायचा नाही, आणि सुटल्या तर बहुतेक वाद उरणारच नाही.

हे मी कुठून शिकलो ते सांगतो, कारण मी स्वतः बरीच वर्षं उलटंच समजत होतो.

बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटकची शेवटची फिल्म, युक्ती तक्को आर गप्पो, १९७४ ची. मी ती पहिल्यांदा पुण्यात लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात पाहिली, तेव्हा तुझ्यापेक्षाही लहान होतो. नीलकंठ बागची नावाचा दारुडा बुद्धिवादी, आणि ती भूमिका खुद्द घटकने केलीय. मी बाहेर पडलो तो भारावून, जळत राहणं हेच कलाकाराचं काम असं डोक्यात घेऊन. पुण्यात तर घटक म्हणजे दंतकथाच, साठच्या दशकाच्या मध्याला ते फिल्म इन्स्टिट्यूटला व्हाइस प्रिन्सिपल होते, मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम (मल्याळम दिग्दर्शक, हिंदीतला हिरो नव्हे) ही पुढे दिग्दर्शक झालेली सगळी त्यांच्या हाताखालची पोरं. आम्ही ऐकलेल्या गोष्टी मात्र दहातल्या आठ दारूच्या असायच्या, त्यांनी वर्गात काय शिकवलं हे सांगणारा क्वचित भेटायचा.

पुढे कामासाठी ती फिल्म थांबवत थांबवत, एकेक शॉट बघितली आणि तेव्हा कळलं की घटकने नीलकंठला कुठेच माफी दिलेली नाहीये. गोष्ट सुरू होते तीच त्याची बायको दुर्गा मुलाला घेऊन घर सोडते तिथून. मुलाचं नाव सत्य, आणि ते काम घटकच्या खऱ्या मुलाने केलंय. घरातलं सामान जातं, पंखा तेवढा मागे राहतो, तोही दारूसाठी विकायला निघतो. बघ, पंखा. बाटलीचा क्लोजअप नाही, डोळ्यांत पाणी नाही, पंखा विकला जातोय एवढ्यावर या माणसाचं काय झालंय ते कळतं. तुझ्या अकरा सीनचं काम हा एक पंखा करतो.

दुर्गा निघून जाते हे आपल्यासाठी फार महत्त्वाचं आहे असं मला वाटतं, कारण मराठी प्रेक्षक दारूची गोष्ट बघायला बसतो तो ‘एकच प्याला’ डोक्यात घेऊनच. १९१९ चं नाटक, शंभर वर्षं होऊन गेली तरी आपल्याकडे दारुडा म्हटला की सुधाकर नाहीतर तळीराम, एक रडवायला, एक हसवायला. आणि बायको म्हणजे सिंधू, सोसणारी. गडकऱ्यांनी ते ज्या ताकदीने लिहिलं त्याबद्दल वादच नाही, पण ते साचे इतके घट्ट बसलेत की तुझा पेंटर पडद्यावर झिंगत आला की प्रेक्षक त्याला ताबडतोब त्यातल्या एका साच्यात बसवून मोकळा होतो. तुझ्या गोषवाऱ्यात बायको मध्यंतरानंतर जाते आणि तोवर नुसती दारात उभी असते. तिला काही काम दे, स्वतःचं मत दे, आणि शक्य असेल तर लवकर जाऊ दे. ती गेल्यावर पेंटर काय करतो ही फिल्म आहे, ती कधी जाईल ही नव्हे.

अजून एक. युक्ती मध्ये नीलकंठचा एक जुना साथी आहे, उत्पल दत्तने केलाय, एके काळचा लेखक, आता बाजारू लिहून पैसेवाला झालेला. सोपा मार्ग असा होता की तो विकला गेला म्हणून आपला हिरो थोर दाखवायचा, पण फिल्म नीलकंठला तेवढं श्रेयही सहज देत नाही. तुझा फ्लेक्सवाला फार खलनायक झालाय. त्याचं दुकान आहे, हप्ते आहेत, त्यानेही कधीतरी ब्रश धरला असेल. तो जितका साधा माणूस होईल तितका पेंटरचा नकार खरा वाटेल, कारण राक्षसाला नाही म्हणायला फारसं काही लागत नाही, चांगल्या माणसाच्या चांगल्या ऑफरला नाही म्हणणं अवघड असतं.

आता ज्या जागेसाठी मी हे सगळं सांगतोय ती. फिल्मच्या शेवटी नीलकंठ जंगलात नक्षलवादी पोरांबरोबर असतो, पोलिसांच्या गोळीबारात त्याला गोळी लागते, आणि मरताना तो दुर्गाला एक गोष्ट सांगतो. ती बंगाली लेखक माणिक बंद्योपाध्यायांच्या ‘शिल्पी’ या कथेतली, मदन नावाच्या विणकराची. गावातले विणकर महाजनाचं सूत घ्यायचं नाही म्हणून माग बंद करून बसलेत. मदन सगळ्यात कसबी, हलकं कापड न विणणारा, घरात खायला नाही. एका रात्री त्याच्या घरातून माग चालल्याचा आवाज येतो. सकाळी लोक जाब विचारायला येतात की शेवटी तूही फितूर झालास. आणि कळतं काय, तर तो रिकामा माग चालवत होता. सूत नव्हतंच. माग न चालवून हातपाय आखडले होते म्हणून नुसताच चालवला, महाजनाचं सूत घेऊन तुमच्याशी बेइमानी करू का, असं विचारतो. तू कोल्हापूरचा, इचलकरंजीला रात्री माग ऐकले असशील, तो आवाज डोक्यात आणून ही गोष्ट वाच.

मला हे समजायला दहा वर्षं लागली. आयुष्यभर प्यायलेला माणूस मरताना स्वतःच्या जळण्याबद्दल बोलत नाही, तो एका उपाशी, रात्री उठून रिकामा माग चालवणाऱ्या कारागिराकडे बोट दाखवतो आणि म्हणतो की काहीतरी करायला तर हवं. म्हणजे सच्चेपणा घटकने स्वतःच्या पात्राला दिलाच नाही, मदनला दिला. नीलकंठ, ज्याने हलाहल पचवलं त्याचं नाव लावलेला, पण याला ते पचलेलं नाहीये आणि हे त्याला माहीत आहे. हे ज्याने लिहिलं ते माणिकबाबू स्वतः आजारपण, गरिबी आणि दारू यांतच १९५६ ला गेले, वयाच्या ४८ व्या वर्षी. दोघांनाही आपला त्रास आणि आपलं काम यांतला फरक नीट माहीत होता.

तुझ्या पेंटरने फ्लेक्सला नाही म्हटलं हे ठीक, महाजनाचं सूत नाकारलं. पण रात्री त्याचा माग कुठे चालतो? तो सीन तुझ्याकडे नाहीये. जुन्या मांजरपाटाच्या तुकड्यावर, शेजाऱ्याच्या पत्र्यावर, भिंतीवर कोळशाने, कशावरही, कुणी बघत नसताना तो काय करतो ते मला दाखव, मग तो नंतर काहीही पिऊ दे, मी त्याच्याबरोबर शेवटपर्यंत येईन. आणि हे कोल्हापुरात घडतंय हे विसरू नकोस, जिथे मूकपटांचा एक मोठा मराठी दिग्दर्शक ‘पेंटर’ याच नावाने ओळखला गेला. बाबुराव मेस्त्रींचे बाबुराव पेंटर झाले. त्या गावात या शब्दाला वजन आहे, ते फिल्ममध्ये हातांच्या कामातून आलं पाहिजे.

मी स्वतःच्या कामात एक गोष्ट करतो, तू स्क्रिप्टवरही करू शकतोस. रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, झाला की एक कॉपी काढायची आणि त्यातून पिण्याचे सगळे सीन उडवायचे, मग बघायचं की माणूस उभा राहतो का. काही वर्षांपूर्वी एका ढोलकीवाल्यावरची फिल्म माझ्याकडे होती, दोन तास दहा मिनिटांचा रफ कट, सगळ्यांना वाटत होतं जड झालीय, पण काय काढायचं ते कळत नव्हतं. दारूचे चौदा सीन होते. सगळे उडवल्यावर उरलं त्यात तो ढोलकीची शाई उखडली म्हणून एका मुलावर ओरडतो असा एक साधा सीन होता, आधी आम्ही त्याच्याकडे लक्षही दिलं नव्हतं, आणि अचानक तोच फिल्मचा कणा दिसायला लागला. मग चौदातले पाच परत घातले. पाचही जास्त बोचले, कारण आता काय वाया जातंय ते माहीत होतं. तुझ्या स्क्रिप्टमधून अकरा काढल्यावर आज काहीच उरत नाही, म्हणून म्हटलं की अडचण शेवटाची नाही.

ॲक्टरबद्दल. इथे मी काहीही अवलंबून ठेवत नाही, सरळ नाही म्हण. एकदा मी अशा रशेस, म्हणजे शूटचं कच्चं फुटेज, हाताळल्यात जिथे दिग्दर्शकाने खरी पिऊ दिली होती. पहिला टेक चांगला, दुसऱ्यात डोळे बदलले, चौथ्यात जीभ जड, सहाव्यात तो ज्या हाताने ग्लास उचलत होता तो हातच वेगळा. मास्टर, म्हणजे पूर्ण सीनचा लांबून घेतलेला शॉट, एका माणसाचा आणि क्लोजअप दुसऱ्याचा वाटायला लागला. कट कुठे मारणार? त्याच्या समोरच्या मुलीचा उत्तम टेक आम्हाला टाकून द्यावा लागला, कारण त्या टेकमध्ये तो ओळ विसरला होता, आणि मला आजही त्या मुलीबद्दल वाईट वाटतं. पुढचे दोन दिवस तो आजारी, शूट बंद. कमी बजेटमध्ये दोन दिवस म्हणजे काय ते तुला सांगायला नको. आणि तू कुणाला व्यसनाकडे ढकलतोयस का हे तर तुला माहीतही नसतं. ग्लासात कोरा चहा दे, आणि ॲक्टरला सांग की प्यायलेला माणूस झिंगायचा प्रयत्न करत नाही, तो शुद्धीत असल्याचं दाखवायचा प्रयत्न करतो, कुलपात किल्ली नीट घालायचा, वाक्य व्याकरणशुद्ध बोलायचा. तेवढा प्रयत्न त्याने केला की झालं.

तो म्हणेल घटक तर खरेच प्यायचे. हो, आणि त्याची किंमतही समोर आहे. पूर्ण झालेल्या फीचर फिल्म फक्त आठ. सुवर्णरेखा १९६२ ला तयार झाली, त्यानंतरची तितास १९७३ ची, मध्ये अकरा वर्षं एकही फीचर पुरी नाही. त्याला दारू एकटी कारण नव्हती, पडलेल्या फिल्म, अर्धवट राहिलेली कामं, आजारपण, सगळंच होतं, पण दारू त्यात होतीच. ६ फेब्रुवारी १९७६ ला गेले तेव्हा वय ५०. त्यांची पहिली फिल्म नागरिक, १९५२ ला बनलेली, आणि ही शेवटची युक्ती, दोन्ही थिएटरात लागल्या १९७७ मध्ये, तो माणूस गेल्यावर. हे वाक्य लिहितानाही मला त्रास होतो. आणि जे आठ उरले ते शिस्तीने बनलेत. युक्तीमध्ये शेवटाकडे दारू थेट लेन्सवर ओतली जाते असा शॉट आहे, सगळ्यांना तो बेभानपणा वाटतो, पण कॅमेऱ्यावर द्रव ओतायचा म्हणजे लेन्स वाचवायची, फोकस ठरवायचा, धार कुठून यायची ते बघायचं, असला शॉट झिंगेत होत नाही. फिल्म निर्दोष आहे असं नाही, सुरुवातीचा काळ्या आकृत्यांचा नाच मला आजही लांबलेला वाटतो, काही ठिकाणी आवाज आणि ओठ जुळत नाहीत. तरी ती उभी राहते ती बनवणाऱ्याच्या नजरेत स्वतःबद्दल दया नाही म्हणून.

आता निर्माता. इथे मात्र बरंच काही परिस्थितीवर आहे. करारात फायनल कट, म्हणजे शेवटच्या एडिटवरचा हक्क, कुणाचा लिहिलाय? करार झालाय का? स्क्रिप्ट मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये रजिस्टर केलीयस का? नसेल तर आधी ते कर, मग वाद घाल. त्याचे पैसे सगळेच असतील तर त्याचं ऐकून घेणं हे तुझं कामच आहे, ऐकणं म्हणजे मानणं नव्हे. अर्धेच असतील तर उरलेले दुसरीकडून आणायचा रस्ता असतो. जॉन अब्राहमने केरळात ओडेसा कलेक्टिव्ह या फिल्मवाल्यांच्या गटातर्फे सामान्य लोकांकडून वर्गणी गोळा करून १९८६ ला अम्मा अरियान केली, पण तो रस्ता फार खडतर आहे आणि त्यामागे माणसांची मोठी फळी होती, एकट्या पोराने रागाच्या भरात घेण्यासारखा नाही.

आणि निर्माता काय म्हणतोय ते नीट ऐक. ‘शेवटी त्याने बॅनर रंगवावा.’ टाळ्या सोडून दे, दारू सोडणं सोडून दे, पण रंगवावा हे त्याचं बरोबर आहे! त्यालाही तेच जाणवलंय जे मला, की या माणसाला आपण काम करताना बघितलंच नाही. त्याला शब्द सापडला नाही म्हणून तो शेवट बदल म्हणतोय. अशा वेळी एडिटरची सवय कामाला येते, कुणी म्हणालं शेवट पटत नाही तर आम्ही आधी पहिल्या वीस मिनिटांत काय कमी आहे ते शोधतो. तू त्याच्याशी शेवटावर भांडू नकोस. पेंटरच्या कामाचे तीन सीन नव्याने लिही, ते त्याला वाचून दाखव, आणि मग शेवट मूळचाच ठेवून परत विचार. कदाचित तो मानेल. नाही मानला तर निदान तुमचं भांडण खऱ्या मुद्द्यावर तरी होईल, आणि तेव्हा सोडायची वेळ आली तर तू स्वच्छ मनाने सोडशील.

एक बारीक पण महत्त्वाची सूचना. तुझा पेंटर बिडी ओढतो. २०१२ पासूनचा नियम असा की ज्या शॉटमध्ये तंबाखू दिसते त्या शॉटच्या तळाला इशाऱ्याची पट्टी लावावी लागते. कामाच्या सीनमध्ये त्याच्या तोंडात बिडी देऊ नकोस, नाहीतर तुझ्या सगळ्यात सुंदर फ्रेमवर ती पट्टी बसेल आणि प्रेक्षक हात बघायचं सोडून ती वाचत बसेल.

ते तीन सीन घरात बसून लिहू नकोस. कोल्हापुरात अजून जुने बॅनर पेंटर आहेत, एखाद्याकडे आठ दिवस जाऊन बस, रेकॉर्डिंग नको, नुसतं बघ. छोट्या फोटोवर चौकटी आखून त्या मोठ्या कापडावर कशा उतरवतात, वीस फुटांचा चेहरा दोन फुटांवर उभं राहून रंगवताना डोळा कुठे आहे हे त्यांना कसं कळतं, ब्रश धुताना काय बोलतात. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीच्या टोकाला असं एक शेड होतं. मोठ्या कापडावर सरळ रेघ मारायला ते रंगात भिजवलेली दोरी ताणायचे आणि मधे टिचकी मारून रेघ उठवायचे, आणि त्याला दोन माणसं लागायची, दोन टोकांना दोघं. पेंटरचं टोक पेंटरकडे, दुसरं टोक कुठल्यातरी पोराकडे. मीही धरलंय.

तुझ्या पहिल्या सीनमध्ये ते दुसरं टोक मुलीच्या हातात दे. आणि ती गेल्यानंतर, शेवटाच्या आधी कधीतरी, रात्री तो एकटा ते टोक खिळ्याला बांधून रेघ मारताना दाखव. मग तो मरतो की जगतो हे तुमच्या दोघांच्या भांडणात काहीही ठरू दे. लिहून झालं की मला पाठव, मी वाचेन.